जोडवी काढून ठेवा, पण आधी जमीन बघा

पत्र : मी मुलुंड पूर्वेला राहते. वय ४३, बँकेत नोकरी, शाखा घाटकोपरला. घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डान्स स्टुडिओ आहे. तिथे सोळा वर्षांवरच्या नवशिक्यांसाठी बॅलेची बॅच सुरू होतेय, बुधवारी संध्याकाळी साडेसातला आणि शनिवारी सकाळी आठला. आठवीपर्यंत भरतनाट्यम शिकले होते, पुढे दहावीच्या नावाखाली सुटलं ते सुटलंच. बॅले मात्र लहानपणी टीव्हीवर पाहिल्यापासून डोक्यात बसलंय. पुढच्या शनिवारी पहिला क्लास. लिओटार्ड, म्हणजे अंगाला घट्ट चिकटणारा तो एकसंध पोशाख, घालायलाच लागतो का? पोट सुटलंय आणि समोर भिंतभर आरसा. ऑनलाइन सेलमध्ये पॉइंट शूज स्वस्त दिसतायत, घेऊन ठेवू का? महिनाभर व्हिडिओ बघून स्प्लिट्‌सचा सराव करतेय, अजून वीतभर वरच आहे. उजवा गुडघा जिना चढताना कधीकधी कुरकुरतो. फ्रेंच शब्द पाठ करून जाऊ का? मुलगी म्हणते, "आई, तिथे सगळ्या माझ्या वयाच्या असतील." नवरा म्हणतो, ते कुलाबा-मलबार हिलवाल्यांचं काम, आपलं नव्हे. शेवटचं म्हणजे, महिन्यातले दोनच शनिवार मला सुट्टी असते. त्यावर काही होईल का?
— एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

नमनाला घडाभर तेल न घालता सांगते. तुमच्या मूळ पत्रात (ते बरंच मोठं होतं, इथे कापून छापलंय) कपडे आहेत, पोट आहे, मुलगी आहे, फ्रेंच आहे. जमिनीबद्दल एक अक्षर नाही. गुडघा कुरकुरत असताना त्रेचाळिसाव्या वर्षी बॅलेच्या वर्गात जायचं, तर सगळ्यात आधी बघायची ती तिथली जमीन. लिओटार्डचं नंतर बघू.

बॅलेत उड्या असतात. अगदी नवशिक्यांच्या वर्गातही शेवटी शेवटी जागच्या जागी छोट्या उड्या येतात. आपल्याकडे डान्स स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा दुकानाचा गाळा, इंडस्ट्रियल इस्टेटमधली खोली, नाहीतर सोसायटीचा हॉल. खाली स्लॅब, स्लॅबवर व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यावर राखाडी व्हिनाइल अंथरलं की फोटोत झकास दिसतं. या व्हिनाइलला डान्सवाले 'मार्ली' म्हणतात. त्याच्यामुळे पाय सटकत नाही, पण उडीचा धक्का ते शोषत नाही. धक्का शोषतो तो त्याच्या खालचा थर, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर किंवा फोमच्या तुकड्यांवर बसवलेलं लाकूड. याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. वरून दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात, फरक कळतो तो पायाला. शनिवारची वाट न बघता उद्या-परवा संध्याकाळी तिथे जा, चपला बाहेर काढा, टाचा थोड्या उचला आणि खाली सोडा. लाकूड असेल तर आवाज जरा पोकळ येतो आणि खाली किंचित दबल्यासारखं वाटतं. टाइल असेल तर ठक्क आवाज येतो आणि टाचेला लगेच कळतं.

टाइल निघाली म्हणून लगेच पाठ फिरवायची गरज नाही. बारवरचा, म्हणजे कमरेच्या उंचीच्या दांड्याला धरून करायचा भाग आणि हॉलच्या मध्यावर करायचा संथ भाग तशा जमिनीवरही करता येतो, उड्यांच्या वेळी तुम्ही बाजूला थांबा. "जमीन कशी आहे?" हा प्रश्न शिक्षकांना सरळ विचारा. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो, कारण तो स्वतः त्याच जमिनीवर दिवसभर उभा असतो. प्रश्न विचारल्यावर ज्याच्या कपाळावर आठी पडते, तिथे मी पैसे भरणार नाही.

त्याच फेरीत आणखी दोन-चार गोष्टी विचारून घ्या. शिक्षक कुणाकडे आणि किती वर्षं शिकले? लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा दिल्यात की रशियन, म्हणजे वागानोव्हा पद्धतीने शिकलेत? पद्धत कोणती, याने तुम्हाला आत्ता काही फरक पडत नाही. उत्तर सरळ येतं की गोल गोल फिरून, याने पडतो. "मी बॅले, हिपहॉप, झुंबा, सालसा सगळंच शिकवतो" हे उत्तर आलं, तर बॅले त्यातलं किती हे आपलं आपण ओळखावं. बॅचमध्ये किती जण असतात? वीसच्या वर आकडा गेला की तुमच्या गुडघ्याकडे बघायला कुणाला सवड मिळणार नाही. एक ट्रायल क्लास पैसे देऊन करता येतो का? येत असेल तर तोच करा, तीन महिन्यांचं पॅकेज आत्ता नको.

आता पॉइंट शूज. ताई, नाही. सेल कितीही मोठा असो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच, आणि तुमच्या बाबतीत तर गुडघ्याचाच प्रश्न आहे. ते बूट नुसते गुलाबी सॅटिनचे नसतात. पुढे कापड, कागद आणि गोंदाचे थर वाळवून केलेला टणक डबा असतो, तळाला कडक पट्टी असते, आणि बोटांच्या टोकांवर सगळं वजन पेलायला घोटा, पोटरी, पाठ हे सगळं आधी तयार असावं लागतं. मुलांनासुद्धा साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि आधी काही वर्षं नियमित शिकल्याशिवाय ते देत नाहीत. मोठ्यांनाही वर्षं घालवावी लागतात, आणि मग शिक्षक समोर बसवून मापाने जोडी निवडायला लावतात. सेलमधली जोडी घरी घालून ओट्याला धरून 'जरा बघूया' म्हणालात, तर पुढचं पत्र मला नाही, ऑर्थोपेडिककडे जाईल.

स्प्लिट्‌सही आजपासून बंद. पहिल्या वर्गात स्प्लिट्‌स कुणी मागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यातही नाही. सकाळी उठल्या उठल्या, अंग थंड असताना, मोबाइल भिंतीला टेकवून मांडीचे स्नायू ओढत बसणं म्हणजे पहिल्या वर्गाला लंगडत जायची तयारी. त्या वेळात वेगळं करा. दात घासताना एका पायावर उभ्या राहा, मग दुसऱ्या. ओट्याला नुसती बोटं टेकवून दोन्ही टाचा हळू वर घ्या आणि त्याहून हळू खाली आणा. खाली येतानाचा हळूपणा खरा कामाचा. पोळ्या झाल्यावर दहा वेळा केलंत तरी पोटरी आणि घोट्याला जाग येईल. शनिवारपर्यंत एवढं बास.

गुडघ्याबद्दल गंभीरपणे सांगते. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच पायातलं बळ गेल्यासारखं वाटत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, मग बॅले. नुसती जिन्यावरची कुरकुर असेल तरी एकदा दाखवून घेतलेलं बरं. आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना स्पष्ट सांगा, "उजवा गुडघा दुखतो, पूर्ण खाली बसणार नाही." बॅलेत गुडघे वाकवण्याला प्लिए म्हणतात. अर्धा वाकलात तर देमी प्लिए, पार खाली गेलात तर ग्रां प्लिए. तुम्ही सध्या देमीवरच थांबा. त्यात कमीपणा काही नाही, वर्गात असे दोघे-तिघे तरी असतातच.

इथे तुमच्या भरतनाट्यमकडे येते, कारण तुमचा खरा फायदा आणि खरी अडचण दोन्ही तिथेच आहेत. आठवीपर्यंत शिकलात म्हणजे अरमंडी अंगात मुरलेली आहे. टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे बाजूला उघडे. बॅलेच्या पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे टाचा जुळवून पावलं बाहेर वळवून, देमी प्लिए केलात की तुमचं शरीर म्हणेल, हे तर माझ्या ओळखीचं. आणि लगेच तिथेच ठाण मांडून बसेल. अरमंडीत बसून राहायचं असतं, अडवूच्या अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, तिथेच होतात. प्लिएमध्ये थांबायचं नसतं. खाली जाणं आणि वर येणं एका सलग प्रवाहात होतं, सगळ्यात खालच्या बिंदूलाही हालचाल संपत नाही. शिक्षक ओरडतील, "डोंट सिट!" ते तुम्हालाच असेल.

दुसरं, पाय आपटायची सवय. तैया तै करताना तळवा जमिनीवर सपकन बसला पाहिजे म्हणून गुरूंचा ओरडा खाल्लेला असणार. बॅलेत उलटं. जमिनीवर पाय वाजला की उतरण चुकली. उडीनंतर आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि टाच टेकताना गुडघे वाकलेले. तिसरं, हात. तुमची बोटं आपोआप ताठ, मुद्रेत जातील. बॅलेत बोटं सैल आणि जवळ असतात, कोपर खाली लोंबत नाही आणि पंजा मनगटातून मोडत नाही. हे सुटायला वेळ लागतो. भरतनाट्यमवाल्यांचे हात पहिले कित्येक महिने लांबूनच ओळखू येतात. मला तरी ते बघायला आवडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावलं किती उघडायची. बॅलेची चित्रं बघून वाटतं, पावलं एका सरळ रेषेत, टाचेला टाच. तुम्ही ते करायला जाऊ नका. उघडणं कमरेच्या खुब्यातून येतं, पावलातून नाही, आणि प्रत्येकाच्या खुब्याचा सांधा वेगळा असतो. पावलं जमिनीला घासून जबरदस्तीने उघडली की गुडघ्याला पीळ बसतो आणि तळव्याची कमान आत कोसळते. ताळा सोपा आहे. पहिल्या पोझिशनमध्ये उभ्या राहा, गुडघे वाकवा आणि खाली बघा. गुडघा पावलाच्या मधल्या बोटांच्या वर दिसला तर ठीक. आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही पलीकडे गेला, तर पावलं तेवढी मिटा. मग ते अगदी चिमुकलं इंग्रजी 'व्ही' झालं तरी चालेल. शेजारची विशीतली मुलगी किती उघडते, ते बघू नका.

कपडे. मोठ्यांच्या बहुतेक वर्गांत लिओटार्डची सक्ती नसते, तरी फोन करून विचारा. सक्ती नसेल तर अंगाबरोबरची लेगिंग, अंगाला लागून बसणारा टी-शर्ट आणि आत चांगली स्पोर्ट्‌स ब्रा. शिक्षकाला गुडघा, कंबर, बरगड्या दिसाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. सैल सलवारीत गुडघा कुठे बघतोय ते कळत नाही, लांब कुडत्याखाली कंबर लपते. पोट दिसेल. दिसू दे. आरसा तुमच्या पोटासाठी लावलेला नाही, आणि पहिल्या वर्गात जो तो स्वतःचा डावा-उजवा पाय शोधण्यात इतका गुंतलेला असतो की दुसऱ्याचं पोट बघायला उसंत नसते.

पायात बॅले स्लिपर्स, म्हणजे मऊ, सपाट, कापडी किंवा चामडी. चपलांच्या दुकानात 'बॅले शूज' मागितलेत तर ऑफिसला घालायच्या बेलीज पुढे येतील, त्या नव्हेत. डेकॅथलॉनमध्ये डान्सच्या विभागात बघा किंवा ऑनलाइन मागवा. अख्ख्या तळव्याची जोडी घ्या, दोन तुकड्यांच्या तळव्याची आत्ता नको. अख्ख्या तळव्यात पावलाला थोडं झगडावं लागतं आणि नवशिक्या पावलाला तेच हवं असतं. माप घट्ट, पण आत बोटं सपाट पसरली पाहिजेत, मुडपलेली नकोत. 'पुढे वाढेल' हा शाळेच्या बुटांचा हिशेब इथे लावू नका. पुष्कळ जोड्यांचं इलॅस्टिक सुटं येतं. स्लिपर घालून ते पावलावरून ताणा, खूण करा, काढा आणि आतल्या बाजूने चार टाके घाला. पुढच्या बारीक नाडीची गाठ मारून टोकं आत खोचा. हे सगळं शुक्रवारी रात्री नको, गुरुवारीच उरका. आणि जोडी शनिवारपर्यंत हातात आलीच नाही, तर अनवाणी चालेल का ते विचारा. व्हिनाइलवर नुसते मोजे घालून मात्र जाऊ नका, घसराल.

जोडवी घालत असाल तर ती काढून ठेवा. घट्ट स्लिपरमध्ये आधीच बोटं चिकटलेली असतात, त्यात टाचा उचलून चवड्यावर गेलात की चांदीचं वेढं शेजारच्या बोटात रुततं. बारवर अर्धा तास झाल्यावर तिथे लाल वळ उठलेला दिसतो. घरात यावर कुणी बोलणारं असेल तर वर्गाआधी पाच मिनिटं काढा, नंतर परत घाला, एवढंच. लांब मंगळसूत्रही बॅगेतल्या छोट्या पाकिटात जाऊ दे. वाकताना ते बारला आपटतं आणि वळताना तोंडावर येतं. पैंजण, घड्याळ, बांगड्या, सगळं त्याच पाकिटात. केसांचा अंबाडा करा, पण क्लचर नको. जमिनीवर पाठ टेकून व्यायाम असला की तो डोक्यात घुसतो. पिना आणि रबर पुरे.

पावसाळ्यात स्लिपर्स प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत न्या आणि स्टुडिओच्या दारातच घाला. ते घालून टॉयलेटला जायचं नाही, बाहेर तर नाहीच. ओला तळवा व्हिनाइलवर घातक. छोटा टॉवेल आणि पाणी घ्या, आणि वर्ग संपल्यावर घालायला एक सुका टी-शर्ट. घामेजलेल्या पाठीवर एसीची हवा घेत गप्पा मारत उभं राहिलं की रविवारी मान धरते. खाणं दीड-दोन तास आधी आणि हलकं. सकाळच्या आठच्या वर्गाला एक केळं आणि चहा चालेल. वडापाव वर्गानंतर खुशाल.

शनिवारी निदान पंधरा मिनिटं आधी पोचा. बार म्हणजे कमरेच्या उंचीला लावलेला दांडा. भिंतीला असेल किंवा मध्ये उचलून ठेवलेला. कोपरा पकडायचा मोह होईल, तो टाळा. बारवर जागा नेहमी मधली घ्यायची. आधी डावा हात बारवर ठेवून उजव्या पायाचं करतात, मग सगळे वळतात आणि डाव्या पायाचं. वळल्यावर जो शेवटी होता तो पहिला होतो. तुम्ही टोकाला असलात की एका बाजूला समोर कुणीच नाही, नक्कल करायलाही कुणी नाही. मध्ये उभ्या राहिलात की दोन्ही बाजूंना कुणाचे ना कुणाचे पाय दिसत राहतात. पुढे बार सोडून हॉलच्या मध्यावर येतात, तेव्हा दुसऱ्या रांगेत. बारवर हात नुसता टेकवायचा, लोकलचा दांडा पकडतो तसा नाही.

प्लिएनंतर बहुतेक वेळा तांद्यू येतो, आणि पहिल्या दिवशी जीव काढतो तो हाच. दिसतं काय? पाय पुढे सरकवला आणि परत आणला. करताना टाच आधी सुटते, चवडा जमिनीला घासत जातो, मग तोही सुटतो आणि फक्त बोटांची टोकं उरतात. परत येताना सगळं उलट्या क्रमाने. पाय जमीन सोडत नाही. दुसरा पाय, जो नुसता उभा आहे, तो या सगळ्यात थरथरतो. चौथ्या-पाचव्या तांद्यूला तळव्यात गोळा येईल. घाबरू नका, थांबा, तळवा जमिनीवर दाबून मोकळा करा, पुढचा धरा. नंतर पायाने जमिनीवर अर्धवर्तुळं काढणं, पाय थोडा उचलून झटकणं, असं हळूहळू वाढत जातं.

फ्रेंच पाठ करून जाऊ नका. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली आणि तेव्हापासून ही भाषा चिकटली ती जगभर तशीच राहिली. शिक्षक शब्द म्हणतात आणि लगेच करून दाखवतात. सोबत "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" असतंच. दोन-तीन आठवड्यांत शब्द कानावर पडूनच बसतात. पाठ केलेले शब्द पाय हलवायच्या वेळी डोक्यात गर्दी करतात.

वर्गाच्या शेवटी सगळे शिक्षकांना, आणि पियानोवादक असला तर त्यालाही, झुकून वंदन करतात. त्याला रेव्हेरान्स म्हणतात. तुम्ही नमस्कार करूनच नाचायला सुरुवात करत होता, त्यामुळे तुम्हाला ते मुळीच परकं वाटणार नाही. मग टाळ्या. त्याआधी निसटू नका. रविवारी-सोमवारी पोटऱ्या आणि मांड्यांची आतली बाजू दुखेल, मुलुंडचा रेल्वे पूल जरा उंच झाल्यासारखा वाटेल. ते चालतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच जागी, वाढत जाणारं दुखणं चालत नाही. ते आलं की थांबायचं.

तुमच्या यजमानांना सांगा, कुलाब्याची मक्तेदारी कधीच मोडली. तुष्ना दल्लास यांनी १९६६ मध्ये मुंबईत बॅलेची शाळा काढली, तेव्हा ते खरंच मोजक्या घरांपुरतं असेल. पण २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेलेला अमीरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा, आणि तो मुंबईतच बॅले शिक्षक येहुदा माओर यांच्या हाताखाली शिकला. राहता राहिलं वय. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९२८ मध्ये रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाला नाचताना पाहिलं ते मुंबईतच. पुढे बोटीच्या प्रवासात ओळख झाली आणि पावलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे त्या बॅले शिकू लागल्या, तेव्हा त्यांची पंचविशी जवळ आली होती. बॅलेच्या हिशेबाने ते वय फारच उशिराचं. मग पावलोव्हानेच त्यांना आपल्या देशातलं नृत्य शोधायला सुचवलं आणि त्या भरतनाट्यमकडे वळल्या, १९३६ मध्ये त्यांची नृत्यसंस्था, कलाक्षेत्र, उभी राहिली. तुम्ही उलट दिशेने निघालाय. मुलीचं म्हणणं बहुधा खरं ठरेल, वर्गात निम्म्या तरी तिच्या वयाच्या असतील. त्यांच्या मांड्याही दुखणार आहेत.

राहिला शनिवार. महिन्यातून दोनदा जाऊन हौस भागेल, अंगात काही मुरणार नाही. मधल्या पंधरवड्यात शरीर सगळं विसरतं आणि दर वेळी पहिल्या वर्गासारखंच दुखतं. म्हणून मुख्य वर्ग बुधवारचा धरा. घाटकोपरहून साडेसातपर्यंत मुलुंड गाठणं अवघड नाही, फक्त त्या दिवशी सहाच्या सुमाराला डब्यातलं काहीतरी खाऊन घ्या आणि स्लिपर्सची पिशवी सकाळीच पर्समध्ये टाका. संध्याकाळी घरी जाऊन 'घेऊन येते' म्हणालात की कुकर लावला जाईल आणि वर्ग बुडेल. त्यावर सुट्टीचे दोन शनिवार धरले की महिन्याला सहा वर्ग होतात, सुरुवातीला ते भरपूर झाले. फी भरताना आठ वर्गांची महिन्याची फी भरू नका, वर्गांच्या संख्येवर कार्ड मिळतं का आणि त्याची मुदत किती, ते विचारा. आणि पुढचा शनिवार सुट्टीचाच आहे ना, तेवढं आधी कालनिर्णयात बघून घ्या.